वडिलांचं फरसाणाचं दुकान आहे, मला ऑनलाइन विक्री सुरू करायची आहे. आधी धंदा नावावर करून घेऊ का?

नाही, आधी वडिलांबरोबर भागीदारी करा. नावावर करून घेण्याची घाई नको. करसल्लागार म्हणून पेठांमधल्या दुकानदारांची कामं बघतो, त्यावरून सांगतो. एकल मालकीच्या दुकानाचा जीएसटी क्रमांक वडिलांच्या पॅनशी बांधलेला असतो. धंदा तुमच्याकडे आला की नवी नोंदणी आणि शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) वळवायला आयटीसी-०२ फॉर्म. भागीदारीतही नवा पॅन, नवी नोंदणी लागतेच, पण वडील गल्ल्यावर राहतात, आणि तुमच्या नव्या कल्पनेला त्यांचा हात लागणं फार मोलाचं आहे. पुण्यात मुंढव्याच्या भारत फोर्ज या कंपनीतही उद्योगपती बाबा कल्याणी १९७२ साली रुजू झाले ते वडिलांनी उभ्या केलेल्या कारखान्यातच. आधुनिक यंत्रं मागाहून आली.

करारनाम्यात एवढं घाला:
- ऑनलाइन विक्रीचा हिशेब वेगळा
- उधारी-कर्जाची मर्यादा, कारण भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते, म्हणजे धंद्याचं देणं स्वतःच्या खिशातूनही फेडावं लागतं

मात्र दोघांचीच भागीदारी एकाच्या मृत्यूनंतर संपते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांचा वाटा आई, तुम्ही, बहीण असेल तर ती आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, यांच्यात सारखा वाटला जातो. म्हणून मृत्युपत्राचं आत्ताच बोला, बहीण असेल तर तिलाही समोर बसवून.