ब्रूस विलिसचे शेवटचे कमी बजेटचे अ‍ॅक्शनपट इतके वाईट का आहेत? त्याने ते पैशासाठीच केले का? त्यातला एखादा तरी बघण्यासारखा आहे का?

तुम्ही लिहिलंय की पोस्टरवरचा विलिसचा चेहरा बघून मोठ्या हौसेने 'अ‍ॅपेक्स' लावलात. दीड तासात तो जंगलात फिरला, चार वाक्यं बोलला आणि सिनेमा संपला. शेवटी तुम्ही म्हणता, 'एवढा मोठा नट, म्हातारपणी पैशासाठी काहीही करतो.' तुमचा राग मला पटतो. तुम्हाला फसवलं गेलंय, यात शंका नाही. पण कोणी फसवलं, याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय. मी संकलक आहे, गेली सतरा वर्षं मराठी मालिका एडिट करतोय, त्यामुळे असा सिनेमा बघताना गोष्टीआधी मला त्यातले सांधे दिसतात.

'अ‍ॅपेक्स' 2021 चा. विलिस हा तुरुंगात अडकलेला माजी पोलीस. त्याला सांगतात, एका बेटावर श्रीमंत शिकारी तुझी शिकार करतील, जगलास वाचलास तर सुटलास. म्हणजे ही गोष्ट पाठलागाची आहे. पाठलागात दोन माणसं लागतात, एक पळणारा आणि एक मागे लागलेला. आता पुन्हा लावाल तेव्हा एवढंच बघा की हे दोघे एका फ्रेममध्ये किती वेळा येतात. बहुतेक वेळ विलिस झाडीत एकटा आहे आणि शिकारी दुसरीकडे आपसातच भांडतायत, एकमेकांनाच मारतायत. लेखकाला पाठलाग लिहिता येत नव्हता असं मला वाटत नाही. ज्या नटाला मोजक्या तासांत मोकळं करायचं असतं, त्याला झाडीत एकट्याने चालायला लावलं की बाकी कोणाच्या तारखा जुळवाव्या लागत नाहीत. त्याचं चालणं एका बैठकीत शूट होतं आणि पुढे संकलनाच्या टेबलावर दर सात-आठ मिनिटांनी त्याचा एक तुकडा पेरता येतो. प्रेक्षकाला वाटतं की तो सिनेमाभर आहे.

हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण हेच काम मीही करतो. मालिकेत मोठ्या नटाच्या महिन्याला मोजक्याच तारखा मिळतात. मग त्याचे सगळे क्लोज-अप एका दिवसात उरकायचे. समोरच्या नटाचं शूटिंग चार दिवसांनी, तेव्हा कॅमेऱ्यापुढे नुसतं 'सजेशन' ठेवायचं. सजेशन म्हणजे फ्रेमच्या कडेला दिसणारा खांदा आणि कानामागचे केस. तो खांदा कोणाचाही असतो, शर्ट तेवढा तोच लागतो. विलिसच्या या सिनेमांत हे कडेचं टक्कल सतत दिसतं. पाठमोरा धावणारा, लांबून गोळी झाडणारा, दारातून आत शिरताना मान खाली घातलेला माणूस पुष्कळदा तो नसतोच. एकदा डोळ्यांना सवय झाली की मग ते दिसायचं थांबत नाही.

तर असे सिनेमे काढतात कशाला? यामागे सरळ व्यापार आहे. सिनेमा बनायच्या आधीच देशोदेशीचे वितरक तो विकत घेतात. कान आणि लॉस एंजेलिसच्या फिल्म बाजारांत हे सौदे होतात. घेणाऱ्यासमोर तेव्हा पटकथाही नीट नसते, असतो तो एक चेहरा आणि एक नाव. त्या नावावर जमलेल्या आगाऊ रकमेतून आणि करसवलत देणाऱ्या ठिकाणी शूटिंग करून वाचवलेल्या पैशातून खर्च भागतो. विलिस आणि मेगन फॉक्स असलेला 'मिडनाइट इन द स्विचग्रास' घडतो फ्लोरिडात, शूट झालाय प्वेर्तो रिकोत. अमेरिकेत अशा सिनेमांना 'गीझर टीझर' म्हणतात, म्हणजे वय झालेल्या नटाची झलक दाखवून गिऱ्हाईक ओढायचं. त्या व्यापारात नटाचा अभिनय हा विकायचा माल नसतोच. पोस्टर छापलं की त्याचं काम निम्मं झालं. आपण घरी रिमोट घेऊन बसतो तेव्हा त्या साखळीच्या शेवटच्या टोकाला असतो, आणि आपल्यालाही विकलेलं असतं ते पोस्टरच.

लॉस एंजेलिस टाइम्सने मार्च 2022 मध्ये सेटवरच्या लोकांशी बोलून लिहिलं होतं की विलिसला अशा सिनेमांत दोन दिवसांच्या कामाचे साधारण वीस लाख डॉलर मिळायचे. तुमच्या पैशाच्या आरोपाला इथे आधार आहे, तो मी लपवणार नाही. पण त्याच बातमीत पुढे जे होतं ते वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. 'आउट ऑफ डेथ' या त्याच्या सिनेमाच्या दिग्दर्शकाने 2020 मध्येच लेखकाला कळवलं होतं की विलिसची पाच-एक पानं कमी करा, लांब संवाद ठेवू नका. विलिसच्या कानात छोटं यंत्र असायचं आणि दुसरा माणूस त्यातून त्याला वाक्यं सांगायचा. सेटवर आपण कशासाठी आलोय हेच काही वेळा त्याला उमगत नसे, असं तिथल्या माणसांनी सांगितलं.

क्रम आठवून बघा. 26 मार्च 2022 ला रॅझी पुरस्कार जाहीर झाले. वर्षातल्या वाईट सिनेमांना चिडवायला हे पुरस्कार देतात. त्या वर्षी त्यांनी खास एकट्या विलिससाठी वर्ग काढला, '2021 मधल्या सिनेमातलं ब्रूस विलिसचं सर्वांत वाईट काम', त्यात त्याचे आठ सिनेमे, आणि 'कॉस्मिक सिन'ला 'विजेता' ठरवलं. चारच दिवसांनी, 30 मार्चला, कुटुंबाने जाहीर केलं की त्याला वाचाघात (बोलण्याची आणि भाषा समजण्याची क्षमता जाणं) झालाय आणि तो काम थांबवतोय. दुसऱ्या दिवशी रॅझीवाल्यांनी तो पुरस्कार मागे घेतला. फेब्रुवारी 2023 मध्ये कुटुंबाने पुढचं निदान सांगितलं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. स्मृतिभ्रंशाच्या या प्रकारात मेंदूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग झिजत जातो, आणि काहींच्या बाबतीत सगळ्यांत आधी जाते ती भाषा. नाव आठवत नाही, वाक्य अर्ध्यावर सुटतं, समोरचा काय म्हणतोय त्याचा अर्थ लागत नाही.

आणि हा नट मोठा झाला तो बोलण्यावर. लहानपणी तो तोतरा बोलायचा, आणि नाटकात उभं राहिलं की तोतरेपणा जातो हे कळल्यावर अभिनयाकडे वळला, हे त्याने स्वतः सांगितलंय. 'मूनलायटिंग' मालिकेत त्याचं काम म्हणजे समोरच्या बाईशी अखंड शब्दांची टेनिस. 1988 चा 'डाय हार्ड' आपण बंदुकांसाठी आठवतो, पण तो पुन्हा ऐका. हो, ऐकाच. अनवाणी पायांत काचा घुसलेला माणूस स्वतःशी बडबडतोय, वॉकीटॉकीवर खलनायकाला डिवचतोय, खाली रस्त्यावरच्या पोलिसापाशी मन मोकळं करतोय. तेव्हाच्या पिळदार अ‍ॅक्शन हिरोंमध्ये हा वेगळा वाटला तो याच बडबडीमुळे. त्याच माणसाच्या तोंडून पुढे संवाद काढून घ्यावे लागले.

हे सगळं मला इतकं लागतं त्याला कारण आहे. आमच्या एका मालिकेत एक ज्येष्ठ नट होते, रंगभूमीवर उभी हयात गेलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या रशेस, म्हणजे न कापलेलं शूटिंग, माझ्याकडे यायच्या. पहिल्या वर्षी एकेक पान एका टेकमध्ये. मग हळूहळू टेक वाढले, वाक्यांचे तुकडे पडायला लागले. एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, कॅमेऱ्याच्या डावीकडे बसून त्यांना लाइन द्यायचा. मला त्याचा आवाज साऊंडवर दबका ऐकू यायचा, तो मी काढायचो. काकांची नजर वाक्यागणिक डावीकडे जायची आणि परत यायची. ती नजर लपवायला मी प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कट मारायचो. आमच्याकडे एपिसोडची बँक नव्हती, रात्री आलेलं उद्या संध्याकाळी टेलिकास्टला. मी सफाईने काम केलं आणि प्रेक्षकांना काही कळलं नाही. युनिटमध्ये लोक म्हणायचे, काकांचं हल्ली लक्ष नसतं, मानधन मात्र वेळेवर लागतं. मीही म्हणालोय हे. आठ-नऊ महिन्यांनी त्यांच्या मुलीने त्यांना डॉक्टरकडे नेलं तेव्हा दुखणं कळलं. त्याच्या कितीतरी आधीपासून ते माझ्या टाइमलाइनवर स्पष्ट दिसत होतं. कुठल्या महिन्यापासून कट वाढले ते मी आजही दाखवू शकतो. रोज त्यांचा चेहरा सगळ्यांत जवळून बघणारा माणूस मीच होतो, आणि मी एका शब्दाने कोणाला विचारलं नाही.

म्हणून विलिसच्या सिनेमात ऐकणाऱ्यावर कट येतो तेव्हा मी त्या संकलकाचा विचार करतो. त्यालाही ती नजर दिसली असणार.

आता लोकांच्या मतांबद्दल. मार्च 2022 च्या आधी बहुतेक प्रेक्षक तुमच्यासारखंच लिहीत होते: झोपेत काम केलंय, खुर्चीतून उठत नाही, कागदावरून वाचतोय, चेक घेऊन गेला. त्यांनी जे पाहिलं ते बरोबरच पाहिलं होतं. सपाट आवाज, डोळ्यांत ओळख नसणं, वाक्याच्या मध्येच पडलेली फट, सगळं पडद्यावर आहेच. कारण तेवढं चुकीचं लावलं गेलं. बातमीनंतर दुसरी लाट आली. त्याच सिनेमांना लोक प्रेमापोटी भरभरून तारे द्यायला लागले, आणि कोणी नाव ठेवलं की त्याला निर्दय ठरवायला लागले. मला हेही पटत नाही. 'कॉस्मिक सिन' वाईट सिनेमा आहे आणि नटाच्या आजाराने तो चांगला होत नाही. त्याची कथा, सेट, बाकीच्यांची कामं यांना आजार नव्हता. उलट आता तर जास्त कडक बोलायला हवं, निर्मात्यांबद्दल. पानं कमी करायला सांगितली जात होती, कानात यंत्र बसवलं जात होतं, तरी एका वर्षाच्या नावावर आठ सिनेमे लागले. चार वर्षांत वीसहून जास्त. त्याला स्वतःला काम करत राहायचं होतं का, घरच्यांना केव्हा काय कळलं, हे त्यांच्या घरातलं आहे आणि त्यावर बाहेरून बोलणं मला योग्य वाटत नाही. सेटवर मात्र रोज चाळीस-पन्नास माणसं असतात आणि त्यांतल्या काहींच्या हातात 'आज थांबूया' म्हणायचा अधिकार असतो.

बघण्यासारखं काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. 'अ‍ॅपेक्स', 'कॉस्मिक सिन', 'आउट ऑफ डेथ' सोडून द्या. 'मिडनाइट इन द स्विचग्रास'मध्ये तो थोडाच वेळ आहे, बाकीचा सिनेमा एकदा बघण्याइतपत बरा. बघायचाच असेल तर 2022 चा 'डिटेक्टिव्ह नाइट: रोग' (Rogue) बघा. तीन भागांतला हा पहिला. बाकीच्यांच्या मानाने यात त्याच्या वाट्याला जास्त दृश्यं आली आहेत, आणि दिग्दर्शकाने त्याला बोलायला लावण्यापेक्षा उभं राहू दिलंय. गोष्ट साधीच आहे, दरोडेखोर आणि त्यांच्या मागे लागलेला थकलेला पोलीस. पण हा थकवा भूमिकेत बसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची घाई नको.

त्याच्या आधी शक्य झालं तर 2019 चा 'ग्लास' बघून घ्या, म्हणजे या रांगेच्या अगदी तोंडाशी तो कुठे होता ते कळेल. त्यातही तो कमी बोलतो, पण ते त्या भूमिकेचं मौन आहे. आणि 'रोग' बघताना तो बोलत असेल तेव्हा फारसं लक्ष देऊ नका. समोरचा बोलतोय आणि कॅमेरा विलिसवर राहिलाय, असे शॉट शोधा. थोडेच आहेत. त्यांत काही ठिकाणी तोंडाचा एक कोपरा किंचित वर जातो, तीस वर्षं आपण पाहिलेलं ते अर्धं हसू. ते त्याला कानातून कोणी सांगितलेलं नाही. माझ्या टेबलावर आला असता तर तो शॉट मी शेवटच्या फ्रेमपर्यंत ठेवला असता.