ऑपरेटिंग सिस्टिम लिहायचीय, पण पॉइंटरला अजून घाबरतो!

प्रश्न : दादा, मी इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला आहे, कोल्हापुरात. आम्ही तिघं मित्र स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची म्हणतोय. सी ही भाषा जेमतेम येते, पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा व्हेरिएबल) आला की ततपप होतं. सर म्हणाले, आधी लायब्ररी मॅनेजमेंट तरी धड करा. काय करू?

उत्तर : कर की, विचारतोस काय! फक्त नाव आणि लोगो ठरवण्यात सेमिस्टर घालवू नका, बरेच ग्रुप तिथंच गारद होतात.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचं बघ. 1991, हेलसिंकी युनिव्हर्सिटी, वय 21. नवा 386 प्रोसेसरचा कॉम्प्युटर घेतला, त्यावर मिनिक्स ही शिकण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, पण त्यातला टर्मिनल प्रोग्राम काही पटेना, म्हणून मोडेमवरून युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटरला जोडायला स्वतःचाच लिहायला घेतला, मग फाइल उतरवून ठेवायच्या तर डिस्क ड्रायव्हर (डिस्क चालवणारा कोड) आला, त्यामागं फाइल सिस्टिम आली, असं एकातून एक निघत गेलं. मधेच पठ्ठ्यानं मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच डायल केलं आणि मिनिक्सचं पार्टिशन उडालं! ऑगस्टमध्ये मिनिक्सवाल्यांना सांगितलं काय, तर नुसता छंद आहे, मोठं काही होणार नाही. सप्टेंबरात लिनक्सची 0.01 आवृत्ती आली, जेमतेम 10 हजार ओळी. पुढं 1992 मध्ये मिनिक्स लिहिणारे प्राध्यापक टॅनेनबॉम म्हणाले की हे डिझाइनच जुनाट आहे. जोरदार वाजलं दोघांचं, पण काम काही थांबलं नाही, 1.0 यायला मात्र मार्च 1994 उजाडला.

आता खरं सांगू का, तो कोराही नव्हता. आजोबांच्या व्हिक-20 या घरगुती कॉम्प्युटरवर लहानपणापासून कोड लिहायचा. तेव्हा पॉइंटरशी आधी दोस्ती कर, त्याला सुट्टी नाही.

सुरुवात बूट सेक्टरनं कर, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कवरून सगळ्यात आधी वाचला जाणारा तुकडा. 512 बाइट, आणि शेवटचे दोन हेक्समध्ये 55 आणि एए नसतील तर बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा आतला प्रोग्राम) ढुंकूनही बघत नाही, इथं बहुतेकांची पहिली रात्र जाते. स्क्रीनवर एक अक्षर उमटलं की मग कीबोर्डच्या मागं लागायचं. सगळं क्यूएमूमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवा, घरच्या लॅपटॉपच्या डिस्कवर प्रयोग नकोत (आईबाबांचे फोटो असतात त्यात). आणि पहिल्या दिवसापासून गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) वापरा, तेही ह्याच लिनसनं 2005 मध्ये लिहिलंय.

लायब्ररी मॅनेजमेंटला मार्क आहेत ना? मग एका वीकेंडला उरकून सरांना देऊन टाक.