मानसशास्त्र शिकलो, पुढे काय?

प्रश्न : मानसशास्त्रात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. समुपदेशक व्हायचंय, पण 'क्लिनिकल'ला जास्त मान असतो, असं सगळे म्हणतात. काय निवडू?

उत्तर : मानाचं राहू द्या, रोजचं काम बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा बराच वेळ चाचण्या, निदान आणि अहवालांत जातो. एका मुलाच्या बुद्धिमापनाला तास-दीड तास लागतो, गुण काढून अहवाल लिहायला बहुधा त्याहून जास्त. लिखाणाचा कंटाळा असेल तर हे आत्ताच ओळखलेलं बरं. समुपदेशकाकडे नातेसंबंध, जवळच्याचा मृत्यू, परीक्षेचा ताण, करिअरची निवड असे विषय येतात. सत्र साधारण 50 मिनिटांचं, नोंदी त्यानंतर. औषधं सहसा दोघांनाही लिहून देता येत नाहीत. ते काम मनोविकारतज्ज्ञाचं.

प्रवेश घेण्याआधी एवढं नक्की विचारा : प्रत्यक्ष काम किती तास, आणि त्यावर देखरेख कोणाची? अंदाज यावा म्हणून सांगतो, अमेरिकेत 'सीएसीआरईपी' या संस्थेची मान्यता असलेल्या समुपदेशन अभ्यासक्रमांत 100 तासांचं प्रॅक्टिकम (देखरेखीखालचा पहिला सराव) आणि 600 तासांची इंटर्नशिप असते. इंटर्नशिपमधले किमान 240 तास थेट लोकांसोबतचे. आठवड्याला आठ तास मिळाले तरी 30 आठवडे गेले. शिवाय वेळ ठरवून न येणारे असतातच, त्यामुळे दहा वेळा ठरवाव्या तेव्हा आठ पदरात पडतात. इंटर्नशिप उशिरा सुरू करणारे इथेच अडकतात.

देखरेख म्हणजे हजेरीवर सही नव्हे. परवानगीने केलेलं सत्राचं रेकॉर्डिंग सुपरवायझर मध्येच थांबवतात : "ती म्हणाली, घरी जावंसं वाटत नाही, आणि तुम्ही लगेच अभ्यासाचं वेळापत्रक सुचवलंत. का वाटत नाही, ते विचारलंच नाहीत." सल्ल्याची ही घाई पुस्तकं वाचून जात नाही. म्हणूनच नुसती व्याख्यानं असलेल्या झटपट डिप्लोमाच्या जोरावर सत्रं घेऊ नयेत.

प्रश्न : रोज लोकांची दुःखं ऐकणं मला झेपणार नाही. पदवी वाया गेली का?

उत्तर : अजिबात नाही. कंपन्यांतली निवड-प्रशिक्षण प्रक्रिया, युजर रिसर्च (लोक एखादं अ‍ॅप किंवा वस्तू कशी वापरतात याचा अभ्यास), चाचणीनिर्मिती, संशोधन अशा वाटा आहेत. फक्त बहुतेकांनी टाळलेलं संख्याशास्त्र इथे हमखास गाठतं! एक छोटा प्रकल्प हाताशी ठेवा : 12 प्रश्नांची प्रश्नावली बनवा, ती भरून घ्या, विश्वसनीयता (उत्तरांत किती सातत्य आहे ते) काढा आणि कोणते प्रश्न का गाळावे लागले ते लिहा. मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा त्यावर जास्त बोलता येतं. युजर रिसर्चमध्येही माणसांच्या मुलाखती घ्याव्या लागतात. तेही नको असेल तर चाचणीनिर्मितीकडे वळा.