‘मनुज’, ‘मुझ्’ आणि ‘चेलोव्येक’

रशियन भाषेतील ‘मुझ्’ म्हणजे नवरा हा शब्द संस्कृत ‘मनुज’चा अपभ्रंश आहे काय, अशी पृच्छा आहे. नाही. जगातील प्रत्येक शब्दाला संस्कृतच्या ओटीत घालण्याची ही हौस आता आवरावी. ‘मनुज’ हा संस्कृतमध्येच घडलेला समास आहे, तर रशियन, पोलिश, चेक यांची पूर्वज असलेल्या प्राचीन स्लाव्हिकमधील ‘मोंझि’ (पुरुष, नवरा) हा ‘मनु’ शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे. त्यातील अनुनासिक पोलिशने अजून जपले आहे. शेवटच्या ‘झ’मागे ‘ज’ नसून ‘ग्य’ असावा असे मानले जाते, आणि त्या ‘ग’ची उपपत्ती अजून वादात आहे. ‘मुझिक’ म्हणजे शेतकरी हे त्याच शब्दाचे लघुत्वदर्शक रूप होय.

खरी गंमत मात्र रशियनमधील दुसऱ्या शब्दात, ‘चेलोव्येक’मध्ये (माणूस) आहे. ‘चेलो’ म्हणजे कपाळ आणि ‘व्येक’ म्हणजे शतक, म्हणून माणूस म्हणजे शतकभर कपाळ मिरवणारा प्राणी, ही व्युत्पत्ती अनेक जण गंभीर चेहऱ्याने सांगतात; पण ‘व्येक’ला शतक हा अर्थ फार उशिरा चिकटला, आणि जुन्या ग्रंथांत त्याचा अर्थ आयुष्य किंवा युग असा आहे. भाषाशास्त्रज्ञ मॅक्स फास्मर यांनी 1950 ते 1958 या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या रशियन व्युत्पत्तिकोशात पूर्वपदाचा संबंध ‘चेल्याद’शी, म्हणजे घरातील माणसे आणि नोकरचाकर यांच्याशी, व उत्तरपदाचा लिथुएनियन ‘वाइकास’शी, म्हणजे मुलाशी, जोडला आहे. तसे असेल तर माणूस म्हणजे घराण्याचे लेकरू. उत्तरपदात ‘सामर्थ्य’ शोधणारे विद्वानही आहेत, परंतु माणसाला नाव देताना लोक तत्त्वज्ञान करीत बसत नाहीत, तो कोणाच्या घरचा एवढेच विचारतात, असे माझे ठाम मत आहे.

फास्मर ‘चेल्याद’च्या शेजारी संस्कृत ‘कुल’ही ठेवतात. हे नाते सर्वांना मान्य नाही. तरीही चेक भाषेत याच शब्दाचे ‘चेलेद्य’ हे रूप जीवशास्त्रात वनस्पती आणि प्राण्यांच्या ज्या गटासाठी वापरतात, त्याला मराठी जीवशास्त्र ‘कुल’च म्हणते, ही जुळणी मला मोहात पाडते. एकोणिसाव्या शतकातील रशियन खाणावळीत गिऱ्हाईक वाढप्याला ‘चेलोव्येक!’ अशीच हाक मारीत असे. त्या हाकेत ‘चेल्याद’मधले नोकरचाकर ऐकू येतात खरे, पण तो धन्याच्या ‘माणसां’वरून आलेला नंतरचा अर्थ असल्याने मी त्याला पुरावा म्हणणार नाही.