फक्त आयपीव्ही६ पत्ता असेल तर टॉरचा रिले चालवता येतो का?

नाही, सध्या तरी नाही. टॉर म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरू देणारं स्वयंसेवकांचं जाळं आणि रिले म्हणजे त्यातली वाहतूक पुढे पाठवणारा संगणक. या जाळ्यात प्रत्येक रिलेला बाकीच्या रिलेंशी जोडता आलं पाहिजे आणि ती जोडणी आजही आयपीव्ही४ वर, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीवर टिकून आहे (आयपीव्ही६ ही नवी पद्धत). त्यामुळे बाहेरून पोहोचता येईल असा आयपीव्ही४ पत्ता लागतोच. इंटरनेट सेवादाता तो एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटत असेल तर रिलेचा विचार सोडा आणि स्नोफ्लेक प्रॉक्सी, म्हणजे अडवलेल्या लोकांना टॉरपर्यंत पोहोचवणारा छोटा मध्यस्थ, चालवा. ती अशा जोडणीवरही चालते आणि सेन्सॉरशिपखाली असलेल्यांना तिचा खरोखर उपयोग होतो.

दोन्ही पत्ते असतील तर आयपीव्ही६ जरूर जोडा. टॉरआरसी (torrc) या टॉरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ओआरपोर्टची (ORPort, रिले ज्या पोर्टवर जोडण्या घेतो तो) दुसरी ओळ लिहा, त्यात पत्ता चौकटी कंसात [ ] आणि पुढे अपूर्णविराम (:) देऊन पोर्ट. पत्ता कायमचा हवा. गोपनीयतेसाठी यंत्रणा आपोआप बदलत राहते तो तात्पुरता पत्ता इथे चालत नाही. फायरवॉलमध्ये आयपीव्ही६ चे नियम बहुधा वेगळे असतात, तिथेही तो पोर्ट उघडा. लोक नेमके इथेच अडकतात: जाहीर केलेला आयपीव्ही६ पत्ता बाहेरून लागला नाही, तर नव्या आवृत्त्यांत रिले स्वतःची नोंदच प्रसिद्ध करत नाही. म्हणून सुरू केल्यावर लॉग, म्हणजे टॉर लिहीत जातो त्या नोंदी, नक्की वाचा.