बाबांच्या आठवणीतला गेम आणि सहावी मोहीम

‘गेम जुनाच आहे, फक्त चित्रे नवी केली आहेत, मग दहा वर्षांच्या मुलाने खेळायला काय हरकत आहे?’ हा प्रश्न पालकांकडून, विशेषतः वडिलांकडून, मी अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर देताना मला एक कुटुंब हमखास आठवते. ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांची हकिकत येथे लिहीत आहे.

आई आणि बाबा दोघेही मुलाबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे आले होते. मुलगा बाहेर बसला होता. गेले तीन आठवडे तो रात्री एकटा झोपायला तयार नव्हता, स्वच्छतागृहात जातानाही दिवा लावून कुणाला तरी सोबत बोलवत होता. याच काळात बाबांनी संगणकावर ‘हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड’ या अंतराळातील युद्धाच्या गेमची नवी आवृत्ती आणली होती. मूळ गेम 2001 चा. दहा वर्षांनी, 2011 मध्ये, त्याची चित्रे आणि ध्वनी नव्याने करून तो पुन्हा प्रसिद्ध झाला आणि ती आवृत्ती 2020 मध्ये संगणकावरही आली. आईचे म्हणणे होते, ‘मॅडम, सतत गोळ्या झाडून मुलगा हिंसक होईल, आणि आता हे व्यसनही लागले आहे.’ बाबांचे म्हणणे होते की इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात ते स्वतः हा गेम रात्ररात्र खेळले, आणि त्यांचे काही बिघडले नाही.

आईच्या दोन्ही शंकांचा विचार मी आधी केला, आणि ते काम लवकर संपले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, असे चित्र साधारणपणे 12 महिने दिसावे लागते. येथे तीन आठवडे झाले होते, अभ्यास आणि संध्याकाळचे क्रिकेट व्यवस्थित चालू होते. हिंसेबाबत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये मांडलेली भूमिका मला समतोल वाटते : अशा खेळांचा ओरडणे, ढकलणे यांसारख्या आक्रमक वागण्याशी थोडा संबंध आढळतो, मात्र प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. शिवाय हा मुलगा कुणाला मारत नव्हता. तो घाबरत होता, आणि या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे.

मुलाशी एकट्याशी बोलताना मी पहिली चूक केली. किती तास खेळतोस, हेच विचारत राहिले. त्याने शहाण्या मुलासारखी उत्तरे दिली. मग मी त्याला गेममधील एखादी जागा काढून दाखवायला सांगितले. त्याने आधी समुद्रकिनारा काढला, उन्हातला, आणि ओरडत पळून जाणारे बुटके परग्रहवासी काढले. ते काढताना तो हसत होता. दुसऱ्या कागदावर त्याने एक खोली काढली आणि दार काळे केले. ‘ताई, इथे एका सैनिकाच्या हेल्मेटमधलं रेकॉर्डिंग दिसतं. त्याच्या मित्रांवर ते येतात. मग मेलेली माणसं उठतात.’ थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘बाबांना सांगू नका. त्यांचा आवडता गेम आहे.’ मी त्याला समजावले की बाबांना कळले तरच ते मदत करू शकतील, आणि सांगताना मी सोबत असेन. बऱ्याच वेळाने तो तयार झाला.

मला हा गेम ठाऊक नव्हता, म्हणून पुढच्या भेटीत बाबांनी लॅपटॉप आणला आणि आम्ही तो पाहिला. गेमच्या दहा मोहिमांपैकी, म्हणजे टप्प्यांपैकी, पहिल्या पाच मोहिमांत शत्रू रंगीबेरंगी परग्रहवासी आहेत, त्यांचे रक्तही निळे-जांभळे आहे. सहाव्या मोहिमेत दलदल येते, धुके येते, भीतीने भान हरपलेला एक सैनिक आपल्याच माणसावर गोळ्या झाडतो, आणि मग ‘फ्लड’ नावाचे परजीवी येतात, जे माणसांच्या देहात शिरून ते विद्रूप करतात. नवव्या मोहिमेत तर पहिल्या मोहिमेपासून ओळखीचा असलेला कप्तान त्यांच्यात विरघळलेला दिसतो. अंतराळयुद्ध म्हणून सुरू झालेली गोष्ट मध्येच भयकथा होते, आणि खरा प्रश्न बंदुकीचा नसून या वळणाचा होता.

बाबा पडद्याकडे पाहत गप्प झाले. नंतर त्यांनी जे सांगितले त्यातून सगळा उलगडा झाला : वसतिगृहात त्यांच्याकडे पूर्ण गेम कधीच नव्हता. 2003 च्या संगणक आवृत्तीची मोफत चाचणी प्रत सगळ्या खोल्यांत फिरत असे. तिच्यात किनाऱ्यावरची चौथी मोहीम आणि मित्रांनी आपापसांत लढायचे एक मैदान, एवढेच होते. मुलाला त्यांनी आपली आठवण दिली होती, गेम नव्हे. सहावी मोहीम त्यांनीही पहिल्यांदाच पाहिली.

नव्या चित्रांबद्दलही येथे सांगितले पाहिजे. या आवृत्तीत एक कळ दाबली की जुनी आणि नवी चित्रे आलटून पालटून दिसतात, म्हणून आम्ही तोच प्रसंग दोन्ही प्रकारे पाहिला. नव्या रूपात बारकावे वाढले आहेत, पण दलदल अधिक उजळही झाली आहे; जुन्या रूपातला अंधार मला स्वतःला जास्त अस्वस्थ करून गेला. प्रसंग मात्र तेच राहतात. वयाचा शिक्काही म्हणूनच बदललेला नाही : अमेरिकेत 2001 मध्येही तो 17 वर्षांवरील होता, नव्या आवृत्तीलाही तोच आहे, आणि युरोपात तिला 16 चा शिक्का आहे. हा शिक्का खरेदीच्या पानावर दिसतो, परंतु आठवणींनी भारावलेला माणूस तो वाचत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

माझे मत मी स्पष्ट सांगितले : दहाव्या वर्षी हा गेम नको, निदान सहाव्या मोहिमेपासून पुढे मुळीच नको. मुलाच्या खात्यावर वयाची मर्यादा लावावी आणि अनोळखी खेळाडूंशी बोलणे बंद ठेवावे, कारण ते काय बोलतील याचे मूल्यमापन कोणत्याच शिक्क्यात नसते. तेरा-चौदाव्या वर्षी पुन्हा विचार करावा, आणि तेव्हा प्रत्येक मोहीम आधी बाबांनी एकट्याने खेळून पाहावी. किनाऱ्याची मोहीम तेवढी बाबांच्या शेजारी बसून चालेल का, असे आईनेच विचारले, आणि मी ‘दिवसा, आणि मुलाने मागितली तर’ असे म्हणाले.

त्या दिवशी मुलाला आत बोलावून बाबांनी सांगितले की सहावी मोहीम पाहताना त्यांनाही भीती वाटली. मुलाने आधी माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे, आणि विचारले, ‘खरंच?’ दोन आठवड्यांनी आईचा फोन आला. तो आपल्या खोलीत झोपू लागला होता, स्वच्छतागृहातला दिवा मात्र अजून रात्रभर चालू असतो. तो आपणहून विझवेपर्यंत राहू द्या, असे मी सांगितले.