गोवर आठव्या महिन्यात, झटके नवव्या वर्षी

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा. वर्षभरात अक्षर बिघडलं, पाढे विसरला. आता मान खाली जाऊन झटका बसतो, हातातली वाटी पडते. डॉक्टरांनी एसएसपीई (गोवराचा विषाणू मेंदूत राहून वर्षांनी उद्भवणारा आजार) सांगितला. आठव्या महिन्यात त्याला गोवर झाला होता. दीर म्हणतात, लसीनेच केलं. बरा होईल का? धाकटीला लागेल का? शेत विकू का?

उत्तर: ताई, दिरांना सांगा, अशा मुलांच्या मेंदूत तपासलेला विषाणू साथीच्या गोवराचाच निघाला आहे, लसीतला नाही. पहिला डोस ९ महिन्यांना असतो. गोवराने त्याआधीच गाठलं. त्यात तुमची चूक नाही. धाकटीला भावापासून लागण होत नाही. तिचे दोन्ही डोस (दुसरा १६ ते २४ महिन्यांत) झालेत का, तेवढं कार्डावर बघा.

पूर्ण बरं करणारं औषध नाही. बहुतेक मुलं १ ते ३ वर्षांत जातात, काही तर सहा महिन्यांच्या आतच. शंभरात पाचेक जणांत आजार आपोआप थबकतो. झटके म्हणजे दुसरा टप्पा. पुढे अंग ताठरतं, गिळणं जातं, मग शुद्ध. मधे काही महिने तब्येत जैसे थे राहते, आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या तरी औषधाला गुण आल्यासारखं वाटतं. शेत इथेच जातं.

आयसोप्रिनोसिन (विषाणूविरोधी गोळ्या) देतात: किलोमागे रोज १०० मिलिग्रॅम, तीन वेळांत विभागून, दिवसाला ३ ग्रॅमपर्यंत. युरिक ॲसिड तपासत राहावं लागतं. २००३च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत या गोळ्यांवर साधारण तिसरा हिस्सा मुलं स्थिरावली किंवा सुधारली. जोडीला मेंदूच्या पोकळीत इंटरफेरॉन (विषाणूविरोधी इंजेक्शन) दिल्याने जास्त फायदा दिसला नाही. त्यासाठी जमीन काढू नका.

झटक्यांवर व्हॅल्प्रोएट, क्लोनाझेपाम किंवा कार्बामाझेपिन देतात. कुठलंही एकदम बंद केलंत तर फिट थांबता थांबत नाही, अशी वेळ येऊ शकते. झटक्यांचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डोस ठरवायला डॉक्टरांना तोच लागतो.

खरी कसोटी जेवणाची. ताठ बसवून, हनुवटी छातीकडे, मऊ भात-वरण चमच्या-चमच्याने. नंतर अर्धा तास आडवं करू नका. पातळ पाण्यानेच ठसका आधी लागतो. खाताना खोकला, घशात घरघर, वरचेवर ताप ही अन्न फुप्फुसात उतरत असल्याची लक्षणं. मग नाकातली नळी, आणि ती महिना-दीड महिन्याहून जास्त लागणार असेल तर थेट पोटातली. अंथरुणाला खिळला की दर दोन तासांनी कूस बदला. नळीचं मात्र आत्ताच विचारून ठेवा, तो अजून गिळतोय तोवर.